लातूरला मी नुसती डबा करायला आले नाही

४ ऑगस्ट, सोम.
मैदानावर चिखल, तरी गेले. पोलीस भरतीच्या पोरी आधीच पळत होत्या. त्यातली निलंग्याची संगीता लांबूनच म्हणाली, "काकू, कडंकडंनं पळा, मधी घसरून राहिलंय." कडेनं पळाले. गुडघा कुरकुरला. कुरकुरू दे.

परत आले तर जिन्यावर बायका. आमच्या या इमारतीत खोलीखोलीत एक आई आणि एक डॉक्टरकीच्या क्लासचं लेकरू. कुणी मुखेडची, कुणी परभणीची, आम्ही नांदेडच्या. लेकरं क्लासला गेली की आया जिन्यावर. मुखेडवालीनं विचारलं, "प्राचीच्या आई, तुम्हाला एवढा टाइम कसा काय मिळतो हो?"

म्हटलं, "दोघींच्या भाकरी थापायला कितीसा लागतो?"

कुणी हसलं नाही.

मागचं अख्खं वर्ष मीही त्याच जिन्यावर काढलं. प्राची अकरावीत, मी जिन्यावर. वजन वाढलं, शुगर वाढली, पोरीचे मार्क बघून रडणं वाढलं. यंदा जूनमध्ये ठरवलं, बास.

८ ऑगस्ट, शुक्र.
पळणं झालं. वाचन झालं. आणि एक तिसरंच झालं.

वाचन शबानासाठी. उदगीरची आहे, जन्मापासून दिसत नाही, इथं मुलींच्या वसतिगृहात राहून बँकेच्या परीक्षेची तयारी करते. चालू घडामोडींचे अंक तिला वाचून दाखवायला कुणी हवं होतं, तर मंगळवारी आणि शुक्रवारी मी जाते. आज मध्येच थांबवलं. "मॅडम, तुम्ही कंटाळला की आवाज खाली बसतो तुमचा. पानी प्या, मग वाचा." माझं बी.ए., बी.एड. लग्नापासून पेटीत होतं. चला, कुणाच्या तरी कानात गेलं.

संध्याकाळी बुद्धविहारात. वर्षावास सुरू आहे, पावसाळ्याचे तीन महिने रोज ग्रंथवाचन, मग बायकांची गाणी. ढोलकीवाले उत्तमराव आजही आले नाहीत. ढोलकी कोपऱ्यात उभी. गाणं धरणाऱ्या गयाबाई म्हणाल्या, "वाजवील कोण?"

मी म्हटलं, मी.

माहेरी मुखेडला माझे बाबा लग्नात, जयंतीत वाजवायचे. त्यांच्याजवळ बसून शिकले होते. लग्नानंतर हात लावला नाही, कुणी लाव म्हटलंही नाही. आज पहिल्या गाण्याला ताल हलला. दुसऱ्याला बसला. आता तळहात लाल झालेत, पेन नीट धरता येत नाही. बरं वाटून राहिलंय.

१७ ऑगस्ट, रवि.
हे नांदेडहून आले, पीठ आणि लोणचं घेऊन. दारात माझे बूट बघितले.

"हे कुणाचे?"

"माझे."

"बरं."

प्राचीसमोर हे काही बोलत नाहीत. मी बसस्टँडला सोडायला गेले तेव्हा हे म्हणाले, "आपण दोन घरं चालवून राहिलो ते कशासाठी, सुजाता?"

"प्राचीसाठी."

"मग हे पळणं, ढोलकी, ते वाचायला जाणं, हे कशासाठी?"

म्हटलं, "मी प्राचीसाठीच आले. पण येताना मलाही सोबत आणलंय."

बस लागली होती. हे चढले. खिडकीतून काहीतरी म्हणाले, ऐकू आलं नाही. वाईट माणूस नाही. पाटबंधारेच्या ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांचं ऐकतो, घरी थोरल्या बहिणीचं, अक्काचं ऐकतो. माझं ऐकायची पाळीच येत नाही.

२९ ऑगस्ट, शुक्र.
क्लासच्या टेस्टमध्ये प्राची घसरली. थोडी नाही, बरीच. मेसेज बापाच्या मोबाइलवर जातो. लगेच फोन. हे दोन वाक्यं बोलले आणि मग अक्का. नवरा गेल्यापासून ती आमच्याच घरी. तिनंच यांना शिकवलं, म्हणून तिचा शब्द घरात शेवटचा.

"पोरीचं वाटोळं करून राहिलीस तू. माय तिकडं ढोलकी बडवती, पोरगी इकडं बुडती."

"अक्का, ढोलकी मी वाजवते. पेपर ती लिहिते."

बोलले खरं. आणि फोन मीच आधी ठेवला.

प्राचीला विचारलं तर, "केमिस्ट्री अवघड होतं." भिंतीकडं तोंड करून झोपली. जेवण अर्धं ताटात.

६ सप्टें., शनि.
गेल्या सोमवारपासून सगळं बंद. पळणं नाही, वाचन नाही, विहार नाही. भिऊन बंद केलं. दुसरीकडं कुठं सांगणार नाही, इथं लिहिते.

दिवसभर खोलीत. ती अभ्यास करते, मी तिच्या पाठीकडं बघते. चहा देते. बदाम देते. परत बघते. जिन्यावरच्या बायका आता माझ्याशी गोड बोलतात.

शबानाचा फोन. "मॅडम, तबियत बरी आहे ना?" सर्दी झाली म्हटलं. आवाजावरून तिला कळलं असणार सर्दी नाही. मलाच लाज वाटली.

प्राची आज म्हणाली, "आई, अशी टक लावून बसू नको ना."

११ सप्टें., गुरु.
नीट लिहायला पाहिजे हे.

प्राची क्लासला गेली. भांडी झाली. खोलीत एकटी बसले आणि भिंती अंगावर यायला लागल्या. बूट घातले. जिन्यावरच्या बायकांमधून खाली उतरले, "आता यावेळी कुठं?" ऐकलं, उत्तर दिलं नाही. ऊन होतं. मैदानावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर, पत्र्याच्या सावलीत, प्राची बसली होती. मांडीवर दप्तर. क्लास सुरू असायची वेळ.

मला बघून उठली नाही. पळालीही नाही. मी जाऊन शेजारी बसले. खूप राग आला होता, पण तिचा चेहरा बघितला आणि तोंडातला शब्द गिळला.

शेवटी तीच म्हणाली, "मला खालच्या बॅचला टाकलंय. जुलैमध्येच."

"सांगितलं नाहीस."

"काय सांगू? तिथं सर आमच्याकडं बघतसुद्धा नाहीत. शिकवतात पण फळ्याला."

"मग रोज इथं येतीस?"

"रोज नाही. कधी कधी."

मग हळूच म्हणाली, "तू पळणं सोडलंस ना, तेव्हा मला लई भीती वाटली. वाटलं, आता आईकडं फक्त मीच राहिले. माझं झालं नाही तर तू काय करशील? परत जिन्यावर बसशील."

मी समजत होते की सगळं सोडून मी तिला आधार देऊन राहिले. तिच्या डोक्यावर तर मी दगड ठेवला होता.

म्हटलं, "नाही बसणार. तुझं झालं तरी नाही, नाही झालं तरी नाही."

"नक्की?"

"उठ. चल एक चक्कर मारू."

ती सँडलमध्ये, मी बुटात. पळालो नाही, चाललो. तिसऱ्या कोपऱ्यावर रडली. चालता चालताच रडली, थांबली नाही. मीही थांबवलं नाही.

१२ सप्टें., शुक्र.
दोघी क्लासच्या ऑफिसात. खुर्चीतला माणूस म्हणाला, "मॅडम, या वर्षी पालकांनी फुल टाइम लक्ष द्यायला पाहिजे."

"लक्ष दिलं म्हणून तर आले. पोरगी इतक्यांदा गैरहजर, तुम्ही एकदा तरी कळवलं? घसरलेले मार्क तेवढे बरोबर कळवले."

त्यानं कॉम्प्युटरमध्ये तोंड घातलं. बाहेर आल्यावर प्राची म्हणाली, "आई, अख्खं ऑफिस बघत होतं." म्हटलं, बघू दे.

यांना फोन करून सगळं सांगितलं. प्राची नको नको म्हणत होती. तिला म्हटलं, आपलं आपण सांगायचं, दुसऱ्याच्या तोंडून जाऊ द्यायचं नाही. हे एवढंच म्हणाले, "येतो मी."

संध्याकाळी शबानाकडं गेले. खरं काय ते सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "आज किती पानं होतील?"

१४ सप्टें., रवि.
हे आले, सोबत अक्का. अक्कानं चहासुद्धा घेतला नाही. "सामान बांधा. दोघी चला नांदेडला. लातूरला राहून काय दिवे लागले ते दिसलं."

प्राची खाली मान घालून. हे पंख्याकडं बघत.

मी म्हटलं, "प्राची काय म्हणते ते आधी ऐका."

प्राची म्हणाली, "मला आत्ता काहीच ठरवायचं नाही. बारावी इथूनच करते."

अक्का माझ्यावर घसरली. "ही भाषा तुझी हाय. आपल्या घरात कधी बाईनं ढोलकी वाजवली न्हाई."

"आपल्या घरात पोरगी डॉक्टर पण झाली नाही अजून, अक्का. तिला पाठवलंतच ना तुम्ही?"

मग हे म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू." एवढंच. पण अक्काच्या आधी बोलले. मी नोंद घेतली.

जाताना अक्का दारात थांबली आणि प्राचीच्या डोक्यावरून हात फिरवला. तिची माया खोटी नाही. त्याचाच तर त्रास आहे.

२३ सप्टें., मंगळ.
गाडी रुळावर. पहाटे पळते. प्राची कधी येते, कधी झोपते. संगीतानं तिला पाय कसे ताणायचे ते दाखवलं. क्लासला जाते, आता खालच्या बॅचमध्येच पुढच्या बाकावर बसते म्हणे.

आज ती माझ्याबरोबर शबानाकडं आली. कोपऱ्यात बसून ऐकत होती. शबानानं अचानक विचारलं, "तू बोलत नाहीस. तुला कोनता विषय आवडतो?"

प्राची म्हणाली, "भूगोल."

दोन वर्षांत मी हा प्रश्न विचारला नव्हता. फिजिक्स कसं गेलं, बायोलॉजी कसं गेलं, एवढंच. भूगोल तर तिच्या विषयांतसुद्धा नाही. मी पान उलटलं आणि वाचत राहिले. पुढचं काय वाचलं, आठवत नाही.

७ ऑक्टो., मंगळ.
वर्षावासाची समाप्ती. विहारासमोर मांडव, माईक, खुर्च्या. उत्तमराव इस्त्रीचा शर्ट घालून हजर. कमिटीचे एक जण मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, रोजचं ठीक होतं. आज स्टेज आहे, पाहुणे आहेत. उत्तमरावांना बसू द्या."

मी उत्तर द्यायच्या आत गयाबाई. "आम्हाला रोज ताल कोण देत होतं? ही न्हाई बसली तर आमी बी न्हाई गात. लावा तुमची कॅसेट." बाकीच्या बायकांनी वह्या मिटल्या.

उत्तमराव भले निघाले. म्हणाले, "बसू द्या हो त्यांना. मी झांज धरतो."

वाजवली. एका जागी चुकले, सावरले. बाबा असते तर चुकलेलं तेवढं सांगितलं असतं. आज मला त्यांची आठवण येऊन रडू आलं नाही. हात मोकळे नव्हते.

२५ ऑक्टो., शनि.
दिवाळीच्या सुट्टीत नांदेडला. उद्या इथं धावण्याची स्पर्धा आहे, दहा किलोमीटरला नाव दिलंय. यांना महिन्याआधीच सांगितलं होतं. अक्काला आज कळलं. रस्ता नेमका आमच्या गल्लीच्या तोंडावरून जातो.

"सगळी गल्ली बघंल. दुसऱ्या रस्त्यानं जा म्हणावं."

"रस्ता मी नाही ठरवला, अक्का."

"मग त्या पँटीवर तरी नको."

"साडी नेसून पळाले तर पडेन. मग अजूनच बघतील."

प्राची आत फसकन हसली. हे पेपरच्या मागं.

२६ ऑक्टो., रवि.
पळाले. माझ्या मागं मोजकीच माणसं आणि अॅम्ब्युलन्स. अॅम्ब्युलन्सवाला दोनदा विचारून गेला, बसता का. नाही म्हटलं.

गल्लीच्या तोंडाशी ओळखीचे चेहरे. किराणावाले, शेजारची सून, पोरं. कुणीतरी म्हणालं, "कांबळेंची सूनबाई हाय ही." हाव, मीच. पाय जड झाले होते, पण तिथं मुद्दाम वेग वाढवला. हे पाण्याची बाटली घेऊन रस्त्याच्या कडेला उभे. बाटली पुढं केली. अक्का गच्चीवर. वर बघितलं तेव्हा तिनं नजर वळवली नाही. मीही नाही.

पोचले. पोचल्यावर बसायला दगडसुद्धा गादी वाटला.

दुपारी जेवताना यांनी विषय काढला. प्राचीनं आता नांदेडलाच राहावं, घरून परीक्षेला जावं, मी पण. समजावून बोलले, ओरडून नाही. मी म्हटलं, "मी लातूरला जाणार. शबानाची परीक्षा तोंडावर आहे, मी शब्द दिलाय. प्राचीचं प्राची बघेल." अक्काचा घास हातात राहिला. पोरीला सोडून जाईन असं तिला वाटलं नव्हतं. मलाही वाटलं नव्हतं. बोलल्यावर कळलं की खरंच जाईन.

प्राची उठली, हात धुतले. आत गेली.

हे बसस्टँडला सोडायला आले. मी खिडकीशी जागा धरली, एकटीची. प्राची बापाशेजारी खाली उभी, पाठीवर दप्तर, पण दप्तर तर तिच्या पाठीवर कायमच असतं. मी विचारलं नाही. जिभेवर आलेलं दातांनी धरून ठेवलं. कंडक्टरनं घंटी दिली तशी ती चढली आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

हे खिडकीपाशी आले. "मग डॉक्टरकीचं काय ठरलं?"

"बाबा, ते मी सांगीन."

"कधी?"

"मला कळलं की."

बस हलली. हे थोडे बसबरोबर चालत आले, मग थांबले. प्राचीनं दप्तरातून पुस्तक काढलं. कोणतं, ते मी वाकून बघितलं नाही.