घाट उतरताना पाहिलेली गाडी

धारूर, ४ मार्च २०२५

चि. सौ. उज्ज्वलास दादांचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. तुझ्या आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला माजलगावला नेतो. येताना एसटीत तिला उलट्या होतात. परवा म्हणाली, आता हे डायलिसिस पुरे करा. मीही फार थकलोय गं. म्हणून एक जुनी इलेक्ट्रिक गाडी पाहिली. घाट उतरून तेलगावपर्यंत चालवली. निघताना चार्जिंग ऐंशी टक्के होतं, खाली पोचलो तरी ऐंशीच! मालकाला तिथेच काम होतं, मी बसने वर आलो. तू गाड्यांच्या वर्कशॉपात असतेस, घेऊ का ते कळव.

सुखी राहा.
दादा

छत्रपती संभाजीनगर, ९ मार्च २०२५

तीर्थरूप दादांस शि. सा. नमस्कार. वि. वि.

घाट उतरताना ती गाडी आपोआप चार्ज होते, दादा. बैलाचे दात बघून घेणारे तुम्ही, आणि गाडी उतारावर पारखता? विसार देऊ नका. बॅटरीत किती दम उरलाय ते सर्व्हिस सेंटरमधून लेखी घ्या. दुसऱ्या मालकाला वॉरंटी मिळते का विचारा. बॅटरीच्या खालच्या पत्र्याला दगड लागून पोचा आलाय का, वाकून बघा. घरच्या आणि फास्ट, दोन्ही चार्जरवर लावून बघा. मुख्य म्हणजे माणसं बसवून, एसी लावून घाट चढवा. मला रजा मिळत नाही. तुम्ही एकटे ओढताय, याची लाज वाटते.

आईला जपा, स्वतःलाही.
तुमची उज्ज्वला

धारूर, १८ मार्च २०२५

चि. सौ. उज्ज्वलास अनेक आशीर्वाद.

सर्व्हिस सेंटरला जाणं झालं नाही, पण घाट चढवायचं ठरवलं. मालकाला सोबत घेऊन त्याच गाडीतून आईला डायलिसिसला नेलं. येताना निम्म्या घाटात चाळीस टक्क्यांचे एकदम सहा झाले आणि गाडी थांबली. मालक म्हणाला, असं कधी झालं नव्हतं. खाली वाकलो तर पत्रा चेपलेला. गाडी नको म्हणून सांगितलं.

जीप मिळेपर्यंत मी आणि तुझी आई कठड्यावर बसलो. माझ्यातलं सगळं बळ सरलं होतं. तिला म्हणालो, साखरा, तू म्हणशील तर डायलिसिस थांबवू, मी अडवणार नाही. ती म्हणाली, "माजलगावात खोली बघा. तुमचे हाल बघवत न्हाईत म्हणून तसं बोलले. मला लई जगायचं हाय."

मला तिच्यासमोरच रडू आलं. उद्या खोली बघायला जातोय.

जावईबापूंना नमस्कार सांग.
दादा