प्लोव्हदिव्हला गेले असं सांगू नये

मी, रालित्सा देनेवा, वय चौदा, वर्ना इथल्या इस्पितळात मुलांच्या वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवते. केस नाहीत, पण डोकं ठिकाणावर आहे. अठरा वर्षांखालच्यांचं मृत्युपत्र चालत नाही हे मला माहीत आहे. बाबा नोटरीकडे टायपिस्ट आहेत. तरी उद्या सकाळी माझ्या मांडीतली गाठ काढणार आहेत आणि मला फार भीती वाटते आहे, म्हणून चालवून घ्यावं.

१. माझे स्केट्स मावसबहीण बिलियानाला. तिने ते न विचारता आधीच नेलेत. हे कलम फक्त तिला लाज वाटावी म्हणून.

२. खिडकीतला सोंगट्यांचा पट समोरच्या खाटेवरच्या दाफिनाला. ती सहा वर्षांची आहे. पटावर माझा आणि शेजारच्या खाटेवरच्या ओग्न्यानचा अर्धा डाव आहे. तो लबाड, फासे पांघरुणाखाली टाकायचा. खेळी त्याचीच होती. मग एका सकाळी त्याची खाट रिकामी दिसली आणि सिस्टर स्टांका म्हणाल्या, त्याला प्लोव्हदिव्हच्या इस्पितळात हलवलंय. निरोपही न घेता गेला, म्हणून मी त्याच्यावर रुसले.

३. परवा तपासणीला नेताना औषधांच्या दुकानाजवळच्या झाडावर त्याचा फोटो दिसला. शाळेतला, भरपूर केसांचा. आमच्याकडे माणूस गेला की फोटो छापून लावतात तो कागद, मरणाला चाळीस दिवस झाल्याचा. म्हणजे इतके दिवस मी मेलेल्या मित्राशी अबोला धरला होता. मोठ्यांनो, हे मी माफ करणार नाही.

४. दाफिना अजून रोज लिफ्टपाशी त्याची वाट बघते. मी सिस्टरांना म्हटलं, "तिला सांगा."

"अगं, एवढीशी पोर ती, तिला झेपायचं नाही."

"आणि रोज लिफ्टपाशी उभं राहणं झेपतं?"

सिस्टर सलाईन बघायला गेल्या.

५. उद्या मी परत आले नाही, तर माझा कागद वॉर्डाच्या दारावरच लावावा, दाफिनाला दिसेल इतक्या खाली. आईने गेलेल्या माणसाच्या नावाने वाटतात तो उकडलेला गहू करावा, अक्रोड भरपूर घालून. दाफिनाला त्याच दिवशी खरं सांगावं आणि ती रडेल तेव्हा कुणीतरी जवळ बसावं.

साक्षीदार मी निवडले आहेत. साक्षीदारांना सगळं वाचून दाखवावं लागतं, तसं दाखवलं.

साक्षीदार पहिली: दाफिना. अंगठा. तिसरं कलम ऐकल्यावर तिने सिस्टरांना विचारलं, "ओग्न्यान मेला?" सिस्टर खाटेवर बसल्या, तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "हो गं बाळा." दोघी खूप रडल्या. मीही रडले. मग दाफिनाने मला विचारलं, "आणि तू, ताई?"

मी म्हटलं, "ते उद्या सिस्टरांना विचार."

स्थळ: वर्ना. ११ एप्रिल २०१८. सही: रालित्सा.

साक्षीदार दुसरी: स्टांका, परिचारिका. सहीखाली त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे: काहीही झालं तरी खरं सांगेन.