आपला दात

५ फेब्रुवारी

चि. अक्कलदाढेस,
अनेक आशीर्वाद.

सगळ्यांत शेवटी आलीस आणि येताना अख्ख्या घराला जागवलंस म्हणून हे नाव पडलं. आता शास्त्रज्ञ झालीस तरी ते बदलणार नाही. फोनवर तू तीनतीनदा ‘काय?’ विचारतेस, कारण माझे त-थ-द सगळे हवेत जातात. म्हणून हे पत्र.

जिन्यावरून पडून पुढचे दोन दात गेले तेव्हापासून क्लॅरिनेट नीट वाजत नाही. वाद्य वरच्या दातांवर टेकल्याशिवाय सूर धरत नाही. फुस्स हवा जाते आणि शेजारचा बासरीवाला खोकल्याचं निमित्त करून हसतो. संचालकांनी तोंडावर सांगितलं, नव्या हंगामापर्यंत वाद्यवृंदातली खुर्ची तुमची, पुढे नाही.

दातांचे डॉक्टर म्हणतात की दात नसला की जबड्याचं हाड झिजत जातं. आत्ता हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्का दात लावता येईल, उशीर केला तर तेही जमणार नाही. पण स्क्रू बसला की त्या जागी तुझा जिवंत दात रुजायचा नाही, हे तूच सांगितलं होतंस. मुलगी प्रयोगशाळेत दात वाढवते आणि बापाच्या तोंडात स्क्रू, हे बरं दिसतं का? मार्चमधली तारीख घेऊन ठेवली आहे. तू दरवेळी ‘लवकरच’ लिहितेस. हे लवकर म्हणजे नक्की केव्हा? तुझी आई माझ्यासाठी सगळं मऊ शिजवते, स्वतःही तेच खाते आणि मग माझ्यावर करवादते.

लोभ आहेच, तो उत्तरातही दिसू दे.

तुझे,
बाबा

*

२४ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहिते आहे. पेशी जाळीदार साच्यावर पेरायच्या, पोसायच्या, जबड्यात ठेवायच्या आणि वाट बघायची. हाती यायचा तो कधी खडा, कधी नुसता लगदा. आमच्या प्रमुख बाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या होत्या. पण आज सकाळी जबड्याचा फोटो काढला आणि दिसला. वर पांढरं कवच, आत जिवंत गर. बाबा, आपला दात आला. इथे सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते, बाई तर रडल्याच.

सविस्तर मागाहून. आईला सांगा. माया आहे तशीच राहू द्या.

तुमची लेक

*

२ मार्च

चि. अक्कलदाढेस,
अनेक आशीर्वाद, आणि यावेळी ते उभं राहून.

तुझं पत्र आईने दोनदा मोठ्याने वाचलं. पडलेले दात तू बर्फात घालून नेलेस तेव्हा मी हसलो होतो. आता कान धरतो. त्यांच्यातूनच माझा दात उगवून आला, हे मला अजून खरं वाटत नाही.

स्क्रूची तारीख रद्द केली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा विचार करा. म्हटलं, दाखवायचे दात हत्तीला लखलाभ, माझे खायचे येणार आहेत. तालमीला जाऊन सगळ्यांना सांगितलं. बासरीवाल्याला म्हटलं, आता तुझा खोकला बरा होईल. दात बसवायला केव्हा निघू? एकटा येऊ की आईलाही आणू?

असाच जीव लावत राहा.

तुझे,
बाबा

*

९ मार्च

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी तुमचा राग आला, मग माझा. ‘आपला’ म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचा. तुमचा नव्हे. तो डुकराच्या पेशींचा आहे, डुकराच्याच जबड्यात आहे आणि त्याला मूळ नाही. परवा बोट लावलं तर हलला. तारीख रद्द करण्याआधी एक ओळ लिहून विचारायचं होतंत, बाबा.

तुमच्या दातांतल्या पेशी आठवड्याभरातच मेल्या होत्या. दरवेळी ते लिहायला बसायची आणि तुमचं ‘केव्हा’ आठवून ‘लवकरच’ लिहून मोकळी व्हायची. माणसाच्या तोंडात असा दात कधी लागेल, मला माहीत नाही. तुमच्यासाठी तो येणार नाही. तोंडावर सांगायचं धाडस नाही म्हणून लिहिते आहे.

पत्र मिळताच त्याच पावली डॉक्टरांकडे जा. दातांच्या कण्या करून सांगते आहे. रागावलात तरी अंतर देऊ नका.

तुमची लेक

*

३० मार्च

चि. अक्कलदाढेस,
आशीर्वाद.

गेलो होतो. डॉक्टरांनी फोटो पाहून मान हलवली. हाड इतकं पातळ झालंय की स्क्रू धरणार नाही; रद्द केली ती तारीखच अगदी काठावरची होती म्हणे. दुसरं हाड घालून बघता येतं म्हणे, पण माझ्या साखरेमुळे ते हात लावायला तयार नाहीत. आता ही काढ-घाल करायची कवळी. वाद्य टेकलं की हलते. खुर्ची दुसऱ्याला दिली. मी हरकत घेतली नाही.

तुझ्यावर चिडायचं ठरवून कागद घेतला होता. चिडलोही आहे, खूप. पण खरं सांगतो, तुझा दात येईल असं मलाही हल्ली वाटत नव्हतं. स्क्रू बसवला तर तुला वाटेल, बापाचाही भरवसा उडाला. म्हणून थांबलो होतो. मला वाईट वाटू नये म्हणून तू लिहिलं नाहीस, तुला वाटू नये म्हणून मी खोदून विचारलं नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. आपल्या दोघांच्या भिडेत माझं हाड गेलं.

यापुढे असेल ते लिही. वाईट असेल तर ते आधी लिही. लोभ कमी झालेला नाही, एवढं कळावं.

तुझे,
बाबा

*

८ एप्रिल

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

वाईट आधी लिहिते. तो दात काल पडला. बाई म्हणाल्या, पुन्हा पहिल्यापासून. मी भांडी धुवायच्या खोलीत जाऊन रडले, नळ सोडून ठेवून, म्हणजे कुणाला ऐकू जायला नको. या कामाचा मला वीट आला आहे आणि ते सोडवतही नाही.

बरं लिहायला काही नाही.

शनिवारी चार दिवसांसाठी घरी येते. कवळी लावून वाजवून दाखवा. हवा गेली तरी चालेल, मला ती ऐकायची आहे.

तुमची लेक