मेस्त्रींचे काम, बरोबर

मी, दामोदर येसाजी काटकर, राहणार मल्लेश्वरम, बंगळूर, विद्यापीठाच्या संशोधन वर्कशॉपचा हेडमेस्त्री, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाखाली नसताना हे मृत्युपत्र लिहितो. छातीचे दुखणे बरे होणार नाही. डोके ठीक आहे. घरच्यांना तेच खुपते.

१. राहते घर मुलगी वीणा हिला. तिची आई गेल्यापासून माझे पथ्यपाणी तिनेच केले. कुरकुर केली नाही. ती मी केली.

२. माझा मायक्रोमीटर परसू त्रिंबक माने याला. त्याला लेथवर मी उभा केला. प्रयोगांना लागणारी हवाबंद धातूची भांडी आम्ही दोघे करतो. प्रत्येक जॉबच्या कार्डावर दोन सह्या लागतात, करणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. माझ्या जॉबला परसू माप लावत नाही. "मेस्त्रींचे काम, बरोबर" असे लिहून सही ठोकतो. मला ते आवडत असे.

त्याने वीणेला मागणी घातली तेव्हा मी म्हणालो, "आधी हातांचं ग्रीस धुऊन ये." तो धुऊन आला. म्हणालो, "स्वच्छ झालास. आता घरी जा."

३. आषाढात दोघांनी रजिस्टर लग्न केले. मला कळले आहे, हे त्यांना माहीत नाही. वीणा अजून माझ्याच घरी राहते. जेवायला वाढताना म्हणते, "माझं लग्न? मग तुमचं कोण बघणार, अप्पा?" आयुधपूजेला दोघांनी मिळून लेथला हार घातला. कोहळा फोडून झाल्यावर एकामागून एक माझ्या पाया पडले. तेव्हा सांगतील असे वाटले होते. मी पेढे दिले.

४. म्हणून अट: या कागदावर जो साक्षीदार म्हणून सही करील त्याला, किंवा त्याच्या पत्नीला, माझे काहीही मिळू नये. अविवाहित मुलीला या अटीचे भय नाही. अट लागू झाल्यास घर आणि मायक्रोमीटर देवनहळ्ळीचा पुतण्या रघुजी याला. रघुजी नालायक आहे. पण पितो तो ओट्यावर बसून.

५. साक्षीला परसूला बोलावले आहे. कागद झाकणार नाही. "वाचून सही कर," असे स्वतः सांगेन. वाचून त्याने तोंड उघडले, तर हा कागद त्याच्यासमोर फाडीन आणि वीणेला गोड करायला सांगेन.

बंगळूर, ३० ऑक्टोबर १९६१

सही: दामोदर येसाजी काटकर

साक्षीदार:
१. विश्वेश्वर भट, शेजारी (कन्नड सही, मराठी वाचता येत नाही)
२. परसू त्रिंबक माने. मेस्त्रींचे काम, बरोबर.