बाबांचा कॉम्प्युटर हळू का चालतो

प्रिय ताई,

पाकीट बघून घाबरू नकोस. घरी कोणी पडलेलं नाही, कोणाला दवाखान्यात ठेवलेलं नाही. हे वाक्य सगळ्यात आधी लिहिलं, कारण मला कोणी असं अचानक पत्र पाठवलं असतं तर ते फोडायच्या आधीच मी नको नको ते धरून बसलो असतो. तू मला शंकासूर म्हणतेस ते काही उगाच नाही. परवा फोनवर तू विचारलंस की बाबांच्या कॉम्प्युटरचं नेमकं झालंय तरी काय, आणि मी नुसतं "बघतोय, बघतोय" करत राहिलो. तू चिडलीस, ते बरोबरच होतं. पण आपल्याकडे फोन स्पीकरवर असतो आणि बाबा समोर बसलेले असतात. मेसेज लिहिला असता तर तो वाचल्या वाचल्या तू फोन लावला असतास, आणि फोन त्यांनीच उचलला असता. म्हणून हे हाताने लिहितोय, दुकानात, झेरॉक्सच्या मशीनमागे बसून. गिऱ्हाईक आलं की थांबतो, कागद उलटा करून ठेवतो. सांगायचं ते क्रमाने सांगतो. तुला कथेचं शेवटचं पान आधी वाचायची सवय आहे, ती आज आवर.

बाबा सुतारकामाच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन घरी बसले तरी तिथल्या मिस्त्रीकाकांनी ड्रॉइंगचं काम त्यांच्याकडेच ठेवलं, हे तुला माहीत आहे. काका फोनवर दारं-खिडक्यांची मापं सांगतात, बाबा ती कॉम्प्युटरवर काढून पाठवतात, आणि त्यावरून तिकडे लाकूड कापलं जातं. तूच त्यांना शिकवलंस. माऊस टेबलाच्या कडेला पोचला की ते हात तिथेच धरून विचारायचे, टेबल संपलं, आता काय करू? तू हसून लोटपोट आणि ते गंभीर, जणू टेबल लांब करणं हाच त्यावरचा उपाय. पुढे त्यांचा हात असा बसला की मशीनला ते आपल्या हाताखालचा माणूस म्हणायला लागले. सकाळी आंघोळ झाली की खुर्ची ओढायची, चष्मा पुसायचा आणि "चला साहेब, कामावर" म्हणून बटण दाबायचं. हे अजूनही रोज होतं. त्यानंतरचं बदललंय.

गेल्या हिवाळ्यापासून त्यांची एकच कुरकुर सुरू झाली, मशीन रेंगाळतं. आधी मीही तसंच धरलं. खरंच रेंगाळत होतं. एक दिवस दुकानातून आल्यावर बघितलं तर पडद्याच्या खालच्या पट्टीवर उघडलेल्या ड्रॉइंगची रांग लागलेली, मुंगीला शिरायला जागा नाही. एवढं सगळं एकदम उघडं ठेवल्यावर कुठलंही मशीन धापा टाकणारच. मी सगळं बंद केलं आणि बाबांना म्हटलं, काम झालं की खिडकी मिटत जा. त्यांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच रांग. मग मी पद्धतशीर मागे लागलो. पाठीमागचं झाकण काढून पंख्यावरची धूळ झाडली. एवढी निघाली की आई म्हणाली, उशी भरता येईल. सुरू होताना आपोआप चालू होणारे रिकामटेकडे प्रोग्रॅम बंद केले. व्हायरस शोधला. तू सांगितलेलं सगळं केलं, तुझ्यासमोर केलं नाही एवढंच. शेवटी दुकानाच्या मालकांनी त्यांच्या बिघडलेल्या मशीनमधली चांगली एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, दिली. बाबांची जुनी, फिरणारी डिस्क काढली, तिच्यावरचं सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर उतरवलं आणि ती बसवली. ताई, बटण दाबलं की चष्मा पुसून होईपर्यंत मशीन हजर. मी आयुष्यात फार गोष्टी पुऱ्या केलेल्या नाहीत, शाळासुद्धा नाही, पण त्या दिवशी मला वाटलं की हे एक काम आपण शेवटपर्यंत नेलं.

फाइली उतरवताना एक गोष्ट दिसली होती. ती मी तेव्हा हसण्यावारी नेली. एकाच खिडकीचं ड्रॉइंग कितीतरी नावांनी ठेवलेलं होतं. खिडकी नवी. खिडकी नवी दुसरी. खिडकी शेवटची. खिडकी खरंच शेवटची. आत बघावं तर सगळी एकसारखी, मिलिमीटरचा फरक नाही. आईला दाखवलं तर ती म्हणाली, तुझे बाबा आहेत ते, तुझ्यासारखेच, दार लावलं तरी परत जाऊन कडी हलवून बघणारे. आम्ही दोघं हसलो. मग मिस्त्रीकाका दुकानात आले. एक पान झेरॉक्स करून घेतलं, मागे मालक नाहीत ना ते बघितलं आणि इकडचं तिकडचं बोलत राहिले. म्हणाले, सध्या ज्या घराचं काम चाललंय, तुझ्या बाबांच्या हिशोबाने त्या घराला भिंती कमी आणि खिडक्याच जास्त आहेत. एकच खिडकी त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा पाठवली गेली होती, दर वेळी फोन करून, ही आत्ताच पुरी केली म्हणून. पहिल्यांदा वर्कशॉपमधल्या पोरांनी दोन कापल्या. आता काका प्रत्येक ड्रॉइंग स्वतः तपासून मगच कापायला देतात. मी म्हटलं, मशीन खराब होतं, आता दुरुस्त केलंय. काकांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, हो का, मग बरं झालं. त्यांच्या त्या बघण्याने मला अख्खा दिवस सुचेनासं झालं. एका माणसाला त्याच्याच आधारकार्डाच्या जागी दुसऱ्याचं छापून दिलं.

मशीन वाऱ्यासारखं चालत होतं आणि बाबा म्हणत होते, अजून रेंगाळतंय. तेव्हा मी सुट्टी काढली. टेबलाशेजारचा दिवा लागत नाही असा बहाणा केला आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्यांच्या मागे बसलो. त्यांनी ड्रॉइंग उघडलं. ते उघडलं, ताई, डोळ्याचं पातं लवायच्या आत, समोर, पूर्ण पडद्यावर. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बघ, अजून उघडत नाही." मला वाटलं गंमत करतायत. त्यांनी ते खाली सारलं आणि तेच पुन्हा उघडलं. पुन्हा बघत बसले. हात माऊसवर, ओठ थोडे उघडे, बस येते का बघत थांब्यावर उभ्या असलेल्या माणसासारखे. तिसऱ्यांदा उघडल्यावर एकदम त्यांचं काम सुरू झालं, आणि काय सुरेख काम, बिजागरीची जागा, पट्टीची जाडी, सगळं अचूक. अधेमधे दहा-दहा मिनिटं ते आपले जुने बाबा असतात. मग पुन्हा थांबतात, आणि समोर असलेली गोष्ट यायची वाट बघतात. मी त्या दिव्याचा चांगला असलेला स्क्रू काढून लावत बसलो, काढून लावत बसलो.

आईला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, हात थांबला नाही तिचा. म्हणाली, "मला वाटत होतं, मलाच तसं दिसतंय." एवढंच. मग मला म्हणाली की वय झालं की माणूस विसरतोच, तू त्यात शंका काढू नकोस, आणि डॉक्टरचं नाव तर मुळीच काढू नकोस, ते खचतील. तिला सगळं ठाऊक होतं. भाजी आणायला ती आता त्यांना एकटं पाठवत नाही, "मलाही चालायला हवं" असं म्हणत सोबत जाते.

आता ते सांगतो, जे कोणाला सांगितलेलं नाही. त्याच आठवड्यात एका दुपारी बाबांनी मला हाक मारली. खुर्ची मागे सारून बसले होते. विचारलं, "आता हे अगदी नीट चालतंय ना रे?" मी अभिमानाने म्हटलं, एकदम. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे बघितलं, आणि म्हणाले, "मग मीच..." ताई, मी नववीत शाळा सोडली तेव्हा या माणसाने मला एक शब्द बोलून दुखवलं नाही, फक्त म्हणाला की शुद्धलेखन सोडू नकोस, बाकी बघू. त्याचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, नाही बाबा, अजून एक दोष राहिलाय त्यात, मला सापडत नाहीये. त्यांच्या खांद्यांतला ताण असा उतरला की मला डोळ्यांनी दिसला. म्हणाले, तरीच.

दुसऱ्या दिवशी ते केस कापायला गेले तेव्हा मी झाकण उघडलं, एसएसडी काढली आणि जुनी डिस्क परत बसवली. बंद केलेले रिकामटेकडे प्रोग्रॅम एकेक करून पुन्हा चालू केले. मशीन होतं तसं झालं, उलट थोडं जास्तच मंद. तेव्हापासून घरात शांतता आहे. बाबा त्याला शिव्या घालतात, मी संध्याकाळी येऊन त्यात डोकं घालून बसतो, आई म्हणते तुम्हा बापलेकांना दुसरं काही काम नाही. रोज कामावर जायच्या आधी त्यांनी पाठवायला ठेवलेलं ड्रॉइंग मी बघतो, जास्तीची पुसतो. बाबांना वाटतं मी मशीन तपासतोय. हे मी बरोबर करतोय की चूक, मला खरंच कळत नाही. झोप लागत नाही त्याने.

आणि अशात तू परवा फोनवर त्यांना सांगितलंस, बाबा, ते भंगार द्या टाकून, तुमच्या वाढदिवसाला मी नवा कोरा कॉम्प्युटर पाठवते, विजेसारखा पळणारा. ते तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतायत. मिस्त्रीकाकांनाही फोन करून सांगितलं, पोरीचं मशीन येऊ दे, मग बघ माझा वेग. ताई, म्हणून हे पत्र. तो कॉम्प्युटर पाठवू नकोस. मागवला असशील तर परत कर, हवं तर माझ्यावर ढकल, सांग की धाकट्याने चुकीचं मॉडेल सांगितलं. नव्या मशीनला त्यांना दोष देता येणार नाही, तुझ्या मशीनला तर नाहीच. त्याच्याऐवजी तू ये. ते डॉक्टरकडे माझ्या सांगण्याने जाणार नाहीत, आईच्या तर नाहीच, तू हात धरलास तर भांडतील आणि जातील. आधी त्यांच्या शेजारी बस, ते काय करतात ते तुझ्या डोळ्यांनी बघ, आणि मला सांग की हे माझं शंकेखोर डोकं नाही. किंवा आहे म्हणून सांग, मी आनंदाने शिव्या खाईन. फक्त फार दिवस लावू नकोस. या आठवड्यापासून जुनी डिस्क कट-कट वाजायला लागली आहे. ती किती टिकेल सांगता येत नाही, आणि ती गेली की माझ्याकडे त्यांना सांगायला काहीच उरणार नाही.

तुझाच,
शंकासूर