तुळईला टांगलेली घंटा

३ जून, सकाळ
घण्ण... घण्ण... झोपेत शाळा सुटल्याची घंटा ऐकू आली. साठ वर्षांपूर्वीची, अगदी तीच! डोळ्यांत पाणी घेऊन उठलो. ही म्हणाली, वरच्या मजल्यावर पातेलं पडलं. काव्य हिच्या वाऱ्याला उभं राहत नाही.

दुपार
मोबाइलवर तशीच घंटा सापडली. पितळी, भक्कम लाकडी तुळईला टांगलेली. खाली एका ग्राहकाने पाच तारे देऊन लिहिलंय, 'हुबेहूब आमच्या शाळेची. डोळे भरून आले.' असा रसिक खोटं बोलणार नाही. मागवली. खालचं बारीक अक्षर वाचलं नाही. चष्मा शोधेपर्यंत भावना विरते.
शाळासोबत्यांच्या ग्रुपवर जाहीर केलं : २१ तारखेला, रविवारी, आमच्या घरी घंटानाद आणि कवितांचं सामूहिक गायन. टग्याने अंगठा दाखवला. हा शेवटच्या बाकावरचा. कवितेच्या तासाला म्हशीसारखा हंबरायचा. आता दूर राहतो, येणार नाही. बरंच आहे.

५ जून
हॉलच्या छताला हुक ठोकून घेतला. मिस्त्री म्हणाला, काका, झोपाळा टांगा, तरी निघणार नाही. शेजाऱ्यांकडे जाऊन आवाजाबद्दल आगाऊ माफी मागितली.

८ जून
पार्सल आलं. हलकं. वाटलं, आधी दोरी पाठवली असेल.
आत घंटा. अंगठ्याएवढी. फोटोतली ती तुळई म्हणजे पेन्सिल होती.
वाजवली. किण्. पलीकडच्या खोलीत हिला ऐकूही गेलं नाही. बाहेर येऊन तिने पाहिली आणि जी हसत सुटली! शेजारी आले. म्हणाले, आवाज चालेल हो, एवढा काही त्रास नाही.
तो पाच तारेवाला नराधम भेटायला हवा.

९ जून
घंटा परत करणार म्हणजे करणार. कंपनीच्या मदतनीस मुलीला मोबाइलवरून तक्रार पाठवली, पद्यात. बोट उचलतो न उचलतो तोच उत्तर : 'आपल्या भावना आम्ही समजू शकतो.' काय संस्कार! आणि वाचनाचा वेग! ही म्हणते, ती मुलगी नाही, यंत्र आहे. मत्सर, दुसरं काय.
परतीला मान्यता. वस्तू मूळ खोक्यात हवी, एवढीच अट.

१२ जून
घंटा न्यायला माणूस आला. निरोपाच्या ओळी मी कालच खोक्यावर चारही बाजूंनी लिहून ठेवल्या होत्या, शाईने, वळणदार :
'जा गे घंटे, जा माघारी, नको वळूनी पाहू,
इवल्या तुझ्या कंठासंगे गीत कसे मी गाऊ?'
तो म्हणाला, काका, बॉक्स खराब केलाय, घेता येणार नाही. खराब! मी चालीवर म्हणून दाखवलं. भारावून जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरला. घंटा मात्र इथेच.

१३ जून
मुलीला सगळं कळवलं. ती म्हणाली, 'आपल्या भावना आम्ही समजू शकतो.' आणि तक्रार बंद केली. वरिष्ठांचा दबाव असणार.

१४ जून
ग्रुपवर सगळे विचारतायत, घंटा आली का? टग्या म्हणतो, काय कविराज, घंटा की घुंगरू? हे फुटलं तर उरलेलं आयुष्य 'घुंगरू' म्हणून काढावं लागेल. शाळेत कवी म्हणून जेवढी अब्रू मिळवली, तेवढीच गाठीशी आहे.

रात्री
उपाय सापडला. हिची पेन्सिल घेतली, घंटा टांगली, जवळून फोटो काढला. पाच तारे दिले. लिहिलं, 'एका ठोक्यात बालपण परत!' ग्रुपवरही टाकलं, कुठून मागवली त्या पत्त्यासकट. हे खोटं नव्हे. कवीला अतिशयोक्ती माफ असते. त्या पहिल्या पाच तारेवाल्याचं दुःख आज कळलं. बिचारा.

१९ जून
ग्रुपवर कळवलं : घसा बसलाय, कार्यक्रम रद्द. सगळ्यांनी नुसते अंगठे दाखवले. कुणी हळहळलंसुद्धा नाही. असो. अब्रू वाचली. मुत्सद्देगिरी अंगातच असावी लागते.

२१ जून, संध्याकाळ
हुकाला हिने ओला टॉवेल वाळत घातलाय. घरात शांतता. घसा उत्तम, दोन कविता खड्या आवाजात म्हटल्या.
दाराची बेल. या वेळी कोण?
हिने भिंगातून पाहिलं. म्हणते, कोणी टक्कल पडलेले गृहस्थ आहेत, म्हशीसारखे हंबरतायत. हातात अगदी आपल्यासारखं चिमुकलं खोकं. मागे जिनाभर म्हातारे, तशीच खोकी घेऊन.
मी म्हटलं, उघडू नकोस. तिने कडी काढलीसुद्धा.
किण्. किण्. किण्. किण्.