न प्यायलेली कॉफी

करक, सोमवार

बाळ सुफ्यान, तुला नि सूनबाईला आईचे आशीर्वाद. कुवेतात उकाडा फार असेल, डोकं झाकून फिर.

तर काल आपल्या घरी सगळ्यात आधी आले नबील मास्तर, चक्क कोट घालून! मागून अबू दैफल्ला काठी टेकत, आणि त्यांच्यामागे गल्लीतले सगळे पांढऱ्या दाढीवाले. मी लगेच ओळखलं, आपल्या लमीसला मागणी! मास्तरांचा मुलगा इंजिनिअर आहे ना. म्हटलं, "केस विंचर गं!" तर कार्टी म्हणते, "आजी, उगाच हुरळू नकोस."

मी कॉफी फिरवली. अबू दैफल्लांनी पेला घेतला नि न पिताच खाली ठेवला. मग सगळ्यांनीच ठेवले. तुझ्यासाठी सूनबाईला मागताना तुझ्या वडिलांनीही असाच ठेवला होता. तिचा बाप 'दिली' म्हणेपर्यंत उचलला नाही, आठवतंय ना?

घरात कर्ता पुरुष नाही, म्हणून मीच बसले होते. आनंद मावेना. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "प्या, प्या! मागाल ते दिलं!"

"हज्जा, आधी ऐकून तरी घे," अबू दैफल्ला म्हणाले.

"ऐकायचं काय त्यात? पोरगी स्वयंपाकाला चांगली आहे."

मास्तरांनी मान खाली घातली. अबू दैफल्ला म्हणाले, "आम्ही राकानला मागायला आलोय. उपचाराला पाठव."

मला काही कळेना. मुलाला कोण मागतं? आणि कसले उपचार?

तुझ्या राकानचं तुला लिहायचं राहूनच जातं. परीक्षेत नापास झाल्यापासून पोरगा फार अभ्यासू झालाय बघ. झोपत नाही, जेवत नाही, भराभरा बोलतो. परवा तर सगळं कोठार धुऊन काढलं. मी शेजारणींना कौतुकानं सांगत होते. जरा वाळलाय. दात खातो. नवे मित्र गाडी घेऊन येतात, वर येत नाहीत. उशीखाली गोळ्या सापडल्या, त्यांच्यावर दोन चंद्रकोरी कोरलेल्या. म्हटलं, चंद्रकोर असलेली वस्तू वाईट कशी असेल? शक्तीच्या असतील.

मास्तर म्हणाले, "तीच नशा आहे, हज्जा. परीक्षेसाठी म्हणून सुरू करतात, मग सुटत नाही. स्वतःहून गेला तर पोलीस हात लावत नाहीत."

"पण माझ्या नातवासाठी तुम्हाला पाठवलं कोणी?"

मग दारामागून राकानच म्हणाला, "मी, आजी. तुला सांगायला तोंड नव्हतं."

सुफ्यान, मी त्याला वेळेवर जेवायला घालत होते, नमाजाला उठवत होते. तुम्ही दोघं तिकडे, म्हणून दुप्पट लाड केले. काय कमी पडलं, ते मला अजून समजत नाही. लमीस म्हणते, त्याला रोज कोणाशी तरी बोलायचं होतं. मी तर दिवसभर बोलतच असते रे!

पण मी शब्द देऊन बसले होते. सगळ्यांनी कॉफी प्यायली, पार गार झालेली. राकानने स्वतः पेले उचलले. एकही फुटला नाही. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू!

शब्द मी दिला, पण पोराचा हात धरायला बाप लागतो. रजा मिळाली नाही, असं या वेळी कळवू नकोस.

गुरुवारी दुपार कलल्यावर, अस्रच्या नमाजानंतर, ते त्याला न्यायला येणार आहेत.

तुझी आई